प्रतिपिंड

जांबोटीच्या पुढं डांबर विरतं,
मग लाल माती, मग पाचोळा.
पांढरा फ्लॅनेलचा कपडा काठीला बांधून
जमिनीवरून ओढत न्यायचा,
दहा पावलांवर थांबून उलटा करायचा.
राईएवढी, नाही, राईहूनही बारीक
गोचिडीची पिल्लं
चिमट्यानं उचलून कुपीत.
कुपीवर तारीख, वेळ, ठिकाण.

ठकूबाई लांबोर काजूखाली बसून बघत होती.
"रानाला आंघोळ घालायलैस व्हय गा?"

मी म्हटलं, माकडतापाचं बघतोय.
पलीकडच्या पाड्यात याला मंगन कायिले म्हणतात.
तिच्याकडं नाव नव्हतं.
"ताप," म्हणाली. "ज्यात बिऱ्या गेला तो."

संमतीपत्र कन्नडात छापलेलं.
मी मराठीत सांगितलं, मला येतं तसं,
निम्मं निपाणीचं, निम्मं पुस्तकातलं:
थोडं रक्त घेणार,
बर्फात घालून बेळगावला नेणार,
त्यात प्रतिपिंड आहेत का बघणार.

सुई शिरली तेव्हा हलली नाही.
हलली ती त्या शब्दावर.
"कुणाचा पिंड?
बिऱ्याचा घातलाय आमी.
कावळा शिवंना.
दुपार झाली, मग दर्भाचा कावळा केला."

तसला नव्हे, मी म्हणालो,
हा रक्तात असतो.

"रक्तातच असतोय की,"
आणि अंगठा पुढं केला.

रात्री प्रयोगशाळेत
एक नवा निबंध वाचत होतो:
गोचिडीच्या लाळेत अशी प्रथिनं असतात
जी रक्त गोठू देत नाहीत,
चावा कळू देत नाहीत,
आपल्याच पेशींनी आपल्याला मारलेली हाक
वाटेतच दाबून टाकतात.
कुणी त्यातूनच औषध काढू बघतंय, सुजेवर.
शेवटी एक ओळ,
की माणसात शिरलेला हा विषाणू पुढं कुठं जात नाही,
माणूस म्हणजे त्याचा बंद रस्ता.
त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली
आणि का मारली ते कळेना म्हणून खोडली.

थाळीत शहाण्णव खळगे.
तिचा चौथ्या ओळीत, सातवा.
आधी निळा झाला,
आम्ल पडताच पिवळा,
हळद कालवावी तसा गडद.
जुने प्रतिपिंड. ताप येऊन गेलेला.

पुन्हा गेलो तेव्हा ती म्हशीला पाणी दाखवत होती.
म्हटलं, बिऱ्या आजारी होता तेव्हा
तुम्हालाही आला होता ताप.

बादली खाली ठेवली.
बराच वेळ आठवत राहिली, की नुसती उभी होती.
"त्याचं कपाळ एवढं तापायचं
की माझा हात मला गारच वाटायचा."

मग म्हणाली,
"म्हंजे माझ्यात होतं.
मग त्याला का दिलं न्हाई माझं?"

याचं उत्तर मला येतं.
ते अंगात तयार व्हायला दिवस लागतात,
बिऱ्या नवव्या दिवशी गेला,
शिवाय असं कुणी देत नाही, चाचणीही तेव्हा झाली नव्हती.
एवढं सगळं येत असून
मी म्हशीकडं बघत राहिलो.

कपडा काठीला बांधला.
ती पुढं चालली,
पायानं काटक्या बाजूला सारत,
आपण होऊन.
ओढ्यापाशी एकदम वळली,
"थांब. हलू नगंस."
माझ्या कॉलरखालून नखानं काहीतरी उचललं
आणि तळहातावर धरलं.
मला काही कळलं नव्हतं.

कुपी पुढं केली. तिनं टाकलं.
तारीख घातली, वेळ घातली.
ठिकाणाचा रकाना
अजून कोराच आहे.